प्रतीक्षाधीन

मे महिन्यातला शेवटचा रविवार. बारामतीहून निघून भवानीनगर, लासुर्णे करत अंथुर्ण्याला मामांच्या घरी पोचले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. मामा ओसरीवर बसले होते, हातात मोबाइल. एरवी आल्याआल्या पाण्याचा तांब्या पुढे करणारा माणूस त्या दिवशी म्हणाला, ‘आधी हे वाच, मग पाणी पी.’

मजकूर इंग्रजीत होता. या नोंदीवर ६० दिवसांत काही हालचाल झालेली नाही, आणखी ७ दिवसांत झाली नाही तर ती बंद होईल, आपले आभार. त्याखाली बरोबर सात दिवसांनंतरची एक ओळ: बंद केली.

ती नोंद मीच मामांच्या वतीने केली होती. मामा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि तेव्हापासून आपल्या भागातल्या पाण्याचा इतिहास लिहीत आहेत. नीरा डावा कालवा, त्याचे फाटे, चाऱ्या, पाळी येणार म्हणून रात्र रात्र बांधावर जागलेली माणसं. लिहिलेल्या मजकुराची पीडीएफ करण्यासाठी मी त्यांना मुक्त स्रोताचं एक सॉफ्टवेअर बसवून दिलं होतं. त्यातून जी पानं बाहेर पडली त्यांवर ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द जिथे तिथे ‘शेतकर्यांचा’ झाला होता. ऱ्य संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत र आणि य यांच्यामध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. सॉफ्टवेअरने ते चिन्ह निरुपयोगी समजून गाळलं की ऱ्यचा र्य होतो. दऱ्यांचा दर्या होतो, आचाऱ्यांना दिलेले पैसे आचार्यांच्या नावावर पडतात. पाण्याच्या इतिहासात शेतकरीच पानोपानी मोडून पडला, म्हणून मामा अस्वस्थ झाले होते. मी नमुन्याची फाइल जोडून बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधला दोष, नोंदवला होता.

‘सही कुणाची आहे?’ मामांनी विचारलं.

‘सही नाही, मामा. बॉटनं बंद केली. म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्रॅम.’

‘त्याआधी कुणी वाचली होती?’

‘बहुतेक नाही.’

‘मग बंद कशी केली?’

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, कारण असाच एक बॉट मी स्वतः बसवलेला आहे. नोकरी सांभाळून आम्ही तिघंजण एक छोटी मुक्त स्रोताची लायब्ररी चालवतो. ही गोष्ट मामांना ठाऊक नव्हती. लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून सांगून टाकली.

मामा माझ्याकडे बघत राहिले. ‘म्हणजे तूही न वाचता बंद करतेस?’

‘करते. आणि का करते ते ऐका. आम्हाला पगार नाही. दिवसभर ऑफिस, रात्री दहानंतर हे काम. नोंदी रोज येतात. कुणी लिहितो, “चालत नाही.” काय चालत नाही, कुठल्या आवृत्तीत, कशावर, काही नाही. आपण विचारतो, तो परत येत नाही. कुणाची अडचण तीन आवृत्त्यांपूर्वी सुटलेली असते, पण नोंद तशीच उघडी. नवा मुलगा मदत करायला येतो, शेकडो उघड्या नोंदी बघतो आणि निघून जातो. त्या ढिगात खरी, गंभीर नोंद कुठे आहे तेच आम्हाला कळेनासं होतं. मामा, उघडी ठेवलेली प्रत्येक नोंद म्हणजे “आम्ही हे करणार आहोत” असं लोकांना सांगणं. जे आमच्या हातून होणारच नाही ते वर्षानुवर्षं उघडं ठेवणं मला खोटेपणाचं वाटतं.’

मामी चहा घेऊन आल्या. मामांनी बशीत चहा ओतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, पटलं असावं.

‘तुझं शेवटचं वाक्य खरं आहे,’ ते म्हणाले. ‘नाही म्हणायला लागू नये म्हणून कागद दाबून ठेवणारे साहेब मी पाहिलेत. अर्जदार येतो, “चालू आहे” ऐकून जातो. आठ-आठ वर्षं. त्यापेक्षा नकार बरा. पण नकार म्हणजे काय, सांग बरं? टिपणी लिहायची. काय मागितलं, का देता येत नाही, कुठल्या नियमानं. खाली सही. मग कागद नस्तीबंद. तुझ्या बॉटनं नकार दिलेलाच नाही. त्यानं फक्त दिवस मोजले.’

‘सही करायला वाचावं लागतं. वाचायला वेळ नाही, हाच तर मुद्दा आहे.’

‘वेळ आम्हाला तरी कुठे होता?’ मामा म्हणाले, आणि मग ते ज्या विषयावर आले त्यावर पुढचा अर्धा तास गेला.

सरकारी कचेऱ्यांमधली सहा गठ्ठा पद्धत पुष्कळांना नावाने माहीत असेल. १९८०च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीतलं काम आणि अभिलेख यांची घडी बसवली. तिला आजही लखिना पॅटर्न म्हणतात. पुढे २०१७मध्ये पुणे विभागाचे आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल’ ही मोहीम काढली. पुणे विभागात आपले बारामती आणि इंदापूर तालुकेही आले. दप्तरं खाली उतरवली गेली, गठ्ठे सोडले गेले, धूळ झटकली गेली. अ वर्गाचा कागद कायम ठेवायचा, ब वर्गाचा ३० वर्षं, क वर्गाचा १०, क-१चा ५ आणि ड वर्गाचा एक वर्ष. मामा हे पाढ्यासारखं म्हणून दाखवतात.

‘म्हणजे तुम्हीही साफसफाई केलीच की,’ मी म्हणाले. ‘झिरो पेंडन्सी म्हणजे आमचा बॉटच झाला.’

‘इथंच चुकतेस. गठ्ठे सहा का केले? एकच का नाही? टेबलावरचे कागद सारखेच दिसतात गं. एक कागद माझ्यामुळे थांबलाय, कार्यवाही मी करायचीय. तो प्रलंबित. दुसरा कागद थांबलाय कारण मी तलाठ्याकडून अहवाल मागवलाय किंवा अर्जदाराकडून उतारा मागवलाय, तो यायचाय. तो प्रतीक्षाधीन. नियतकालिक विवरणपत्रांचा गठ्ठा वेगळा, स्थायी आदेशांचा वेगळा. काम संपलेले अभिलेख कक्षात जायचे, आणि ड वर्गातले नष्ट करायचे. आता बघ. पहिला आणि दुसरा, दोन्ही कागद साठ दिवस हललेले नाहीत. तुझ्या बॉटला ते एकसारखेच. मला नाहीत. दुसऱ्यात मी स्मरणपत्र पाठवीन, मुदत देईन, नाहीच आलं काही तर बंद करीन. पहिल्यात स्मरणपत्र कुणाला पाठवू? मलाच?’

हे मी लिहून घेतलं. मुक्त स्रोताचे प्रकल्प जिथे ठेवले जातात त्या गिटहबवर बसवला जाणारा असा बॉट मुळातच ६० दिवस आणि मग ७ दिवस असे आकडे घेऊन येतो. ते आपण बदलू शकतो, पण पुष्कळजण तसेच ठेवतात. मीही ठेवले होते. कुबर्नेटिससारख्या प्रचंड प्रकल्पात ९० दिवसांनी नोंदीवर शिळी असा शिक्का बसतो, आणखी ३० दिवसांनी कुजलेली असा, आणि आणखी ३० दिवसांनी ती बंद होते. कुणी तरी मध्येच येऊन ‘हे अजून आहे’ असं लिहिलं तर घड्याळ मागे जातं. म्हणजे ज्याची अडचण आहे त्याने दर तीन महिन्यांनी दारात येऊन उभं राहायचं. मामांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘हेलपाटे.’

पण मी हार मानलेली नव्हती. ‘काही गोष्टी कालबाह्य होतातच, मामा. फेडोरा नावाची लिनक्सची एक प्रणाली आहे. मराठीचा लोहित फॉन्ट तिच्यात वर्षानुवर्षं आहे, त्याची देखभाल पुण्यातूनच व्हायची. फेडोराची एक आवृत्ती साधारण १३ महिने चालते. तिची मुदत संपली की त्या आवृत्तीवरचे सगळे बग बंद. आधी सूचना देतात, की नव्या आवृत्तीतही हे दिसत असेल तर आवृत्तीचा आकडा बदला, नोंद उघडी राहील.’

‘हे बरोबर आहे,’ मामा लगेच म्हणाले. ‘हा सात नंबरचा अर्ज झाला.’

कालव्याचं पाणी घेणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, पण शहरातल्या वाचकासाठी सांगते. शेताला पाणी हवं असेल तर पाटबंधारे खात्याकडे नमुना नंबर ७ भरून मागणी करावी लागते. खरीप १ जुलैपासून, रब्बी १५ ऑक्टोबरपासून, उन्हाळी १ मार्चपासून. रब्बीसाठी केलेली मागणी फेब्रुवारीअखेर संपते. ती कुणी नाकारत नाही, तिचा हंगामच उरत नाही. पुढच्या हंगामाला नवा अर्ज.

‘आणि चारी फुटलीय अशी तक्रार?’ मामांनी विचारलं. ‘तीही फेब्रुवारीत संपते? पाणी बंद झालं की गळतीही बंद दिसते. पुढच्या आवर्तनाला परत सुरू. कागद कशाचा आहे ते बघायला नको?’

त्यांच्या बोलण्यातून मला पळसदेव आठवलं. उजनीच्या पाण्यात गेलेलं पळसनाथाचं देऊळ. धरण भरलेलं असताना भिगवणच्या बाजूने जाणाऱ्या माणसाला तिथे पाण्याशिवाय काही दिसत नाही. ज्या उन्हाळ्यात पाणी खूप खाली जातं त्या उन्हाळ्यात देऊळ उघडं पडतं आणि लोक बघायला गर्दी करतात. ऑक्टोबरमध्ये पाहणीला आलेला माणूस प्रामाणिकपणे लिहील, की सांगितलेल्या जागी देऊळ आढळून आले नाही. आमच्या कामात हा शेरा रोज मारला जातो. बग दिसला नाही, सबब बंद. एखादा बग फक्त महिनाअखेरीस दिसतो, एखादा फक्त जुन्या फोनवर, एखादा फक्त ऱ्य असलेल्या शब्दावर. मी हे मोठ्याने बोलले तेव्हा आपण आपल्याच विरुद्ध बोलतो आहोत हे माझ्या लक्षात आलं.

मामांनी त्याचा फायदा घेतला नाही. उलट ते स्वतःबद्दल बोलले. फार वर्षांपूर्वी, एका कचेरीत असताना त्यांच्याकडे एका बाईंचा वारस नोंदीचा अर्ज होता. नवरा गेलेला. कागद अपुरे, म्हणून हजर राहण्याची नोटीस काढली. त्या आल्या नाहीत. दुसरी नोटीस काढली. नाही आल्या. ‘मी लिहिलं, अर्जदार हजर नाही, सबब प्रकरण दप्तरी दाखल. सगळं नियमात. तीन वर्षांनी बाई आल्या. नोटीस सासरच्या पत्त्यावर गेली होती, त्या तेव्हापासून माहेरी होत्या. मधल्या काळात दिरानं जे करायचं ते केलं होतं. माझ्या सहीवर कुणी बोट ठेवू शकलं नाही. पण सही माझी होती म्हणून ते माझ्या लक्षात तरी राहिलं. पुन्हा नोटीस परत आली की पोस्टाचा शेरा वाचल्याशिवाय मी कागद बंद केला नाही. तुझ्या बॉटला काय आठवणार?’

मी गप्प झाले. मामी आतून म्हणाल्या, ‘जेवायला बसा आता.’

जेवताना मी माझा शेवटचा आणि खरं तर सगळ्यात मोठा मुद्दा काढला. मामांना कचेरीचा माणूस माहीत आहे. आमच्याकडचा थकलेला माणूस माहीत नाही. २०२४मध्ये एक्सझेड नावाच्या एका सॉफ्टवेअरमध्ये चोरवाट घुसवली गेली होती. जगभरच्या लिनक्स यंत्रणांवर हे सॉफ्टवेअर असतं आणि वर्षानुवर्षं ते मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता. त्याच्यावर काही अनोळखी खात्यांवरून दबाव आणला गेला, की काम हळू चाललंय, दुसऱ्याला घ्या. त्याने आपल्या मानसिक प्रकृतीच्या अडचणी सांगितल्या होत्या. अखेर मदतीला आलेल्या ज्या माणसाच्या हाती त्याने अधिकार दिले, त्यानेच चोरवाट घातली. आंद्रेस फ्रॉयंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून ते उघडकीला आलं.

‘मामा, न संपणारी यादी माणसाला खाते. बॉट त्या माणसाला झोपू देतो.’

‘झोपू दे की,’ मामा म्हणाले. ‘मी कुठे म्हणतो रात्री जागा? ज्याच्याकडे वेळ नाही त्यानं पाटी लावावी: इथं उत्तराला वर्ष लागेल, कदाचित मिळणारही नाही. लोकांना ते कळतं. न वाचलेल्या कागदावर “बंद” लिहू नये, एवढंच. बंद म्हणजे कुणीतरी ठरवलं असा अर्थ होतो.’

या एका शब्दावर आमचं शेवटपर्यंत जमलं नाही. माझ्या मते ‘बंद’ हा फक्त यादीतला एक रकाना आहे. नोंद पुसली जात नाही, शोधली तर सापडते, पुन्हा उघडता येते. मामांच्या मते सामान्य माणूस दुसऱ्यांदा दार वाजवत नाही. याबाबत पुरावा मामांच्या बाजूला थोडा अधिक आहे, हे मला मान्य करावं लागतं. मॉन्ट्रियलच्या काँकॉर्डिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २० मोठ्या मुक्त स्रोत प्रकल्पांमध्ये असे बॉट बसवल्यावर काय झालं ते तपासलं. त्यांचा अभ्यास बगच्या नोंदींचा नव्हता, बाहेरच्या लोकांनी पाठवलेल्या दुरुस्त्यांचा होता. सुरुवातीच्या महिन्यांत ढीग कमी झाला, निपटाराही लवकर होऊ लागला. त्याच वेळी प्रकल्पांना हातभार लावणाऱ्या माणसांची संख्या बरीच घटली. मीच सांगत होते ना, की ढीग बघून नवा मुलगा निघून जातो? बंद झालेली दुरुस्ती बघूनही तो जातो.

आणि ही तक्रार जुनी आहे. नेटस्केपच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमरांपैकी जेमी झाविन्स्की यांनी २००३मध्येच लिहून ठेवलं, की बग सोडवणं कंटाळवाणं आणि सगळं नव्याने लिहिणं मजेचं असतं, म्हणून नवी आवृत्ती काढायची आणि जुन्या नोंदी जुन्या आवृत्तीच्या म्हणून एकगठ्ठा बंद करायच्या, अशी सवयच पडते.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते मात्र निराळंच. व्हीएस कोड या प्रोग्रॅम लिहिण्याच्या लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात नव्या सोयीची मागणी आली की तिला ६० दिवसांत २० मतं मिळावी लागतात, नाही तर ती बंद होते. नियम उघड आहे, आधी सांगितलेला आहे. पण ऱ्य नीट दिसावा म्हणून ६० दिवसांत २० माणसं कुठून आणायची? मराठी बोलणारी माणसं कोट्यवधी आहेत. इंग्रजीत बग नोंदवणारी, त्यावर मत देणारी मूठभर. ‘ॲ’ हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये आलं ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. मतं मोजून ठरवलं असतं तर ते कधी आलं असतं?

‘टेलचं पाणी,’ मामा म्हणाले. इंदापूर तालुक्यात या दोन शब्दांपुढे काही बोलावं लागत नाही. कालवा वरून भरून वाहत येतो. वरच्यांची मोटर आणि वरच्यांचा आवाज दोन्ही जवळ. शेवटच्या चारीवरचा माणूस अर्ज देतो आणि वाट बघतो. त्याचा कागद हलत नाही, कारण त्याच्यापर्यंत काही पोचलेलंच नसतं. हालचाल नाही म्हणून त्याची गरज संपली असं म्हणणारा माणूस टेलला कधी उभा राहिलेला नाही.

संध्याकाळी परत निघण्याआधी मी ओसरीवरच लॅपटॉप उघडला आणि आमच्या लायब्ररीच्या बॉटचे नियम बदलले. उबुंटू या लिनक्स प्रणालीचे बग जिथे नोंदवले जातात त्या लाँचपॅडवर एक चांगली रीत आहे. तिथे नोंद आपोआप कालबाह्य होते ती ‘अपूर्ण’ असा शेरा असेल तरच. म्हणजे कुणीतरी ती वाचलेली असते, काहीतरी विचारलेलं असतं, आणि ६० दिवसांत उत्तर आलेलं नसतं. मामांच्या भाषेत, घड्याळ फक्त प्रतीक्षाधीन गठ्ठ्यावर चालतं. आम्ही तेच केलं. आमच्याकडून थांबलेल्या नोंदीला बॉट आता हात लावत नाही. ज्या नोंदी आम्ही वाचलेल्याच नाहीत त्यांच्यावर ‘न वाचलेली’ असा शेरा बसतो. माझ्या दोघा सहकाऱ्यांपैकी एकाला तो शेरा पसंत नाही. आपलीच लाज वेशीला टांगल्यासारखी वाटते, असं तो म्हणतो. मला तो शेरा ठेवायचा आहे, कारण तो खरा आहे. होणार नाही ते आम्ही आता एक ओळ कारण लिहून, आपल्या नावाने बंद करतो. आठवड्याला एक तास, त्यात बसतील तेवढ्याच. वेग फार नाही.

मामांची नोंद मी पुन्हा उघडायची विनंती केली. या वेळी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवून पाहिलं, अडचण तशीच होती. दोन्ही तऱ्हांनी लिहिलेला ‘शेतकऱ्यांचा’, एक नीट उमटलेला आणि एक मोडलेला, शेजारी शेजारी ठेवून चित्र जोडलं. मराठी न येणाऱ्यालाही फरक दिसावा म्हणून आचारी आणि आचार्य यांचा घोटाळाही समजावून लिहिला.

वाचकांना एक विनंती. तुमच्या फोनवर, बँकेच्या पावतीवर, मुलांच्या अभ्यासाच्या ॲपमध्ये मराठी अक्षर मोडलेलं दिसलं तर पुढे सरकवून देऊ नका. चित्र काढा, आवृत्ती लिहा, नोंद करा. बंद झाल्याचं कळलं तर ‘अजून आहे’ एवढं तरी परत लिहा. आणि कुणाची नोंद वाचायला मिळाली तर तिच्याखाली आपलंही नाव घाला.

मामांची नोंद सध्या उघडी आहे. परवा तिच्याखाली एका माणसाने प्रश्न विचारला, की हे जोडचिन्ह नेमकं कुठल्या टप्प्यावर गळतं? त्या प्रश्नाखाली त्याचं नाव आहे. उत्तर आम्ही त्याच रात्री पाठवलं.